चढाचे दिवसही वहीत लिहा: बायपोलरचं अचूक निदान मिळवताना

मानसोपचारतज्ज्ञाकडे माणूस नेला जातो तो पडलेला असताना. अंथरुणातून उठवत नाही, अंघोळ नको, कामाचं नाव काढलं की रडू येतं. मग घरचे रिक्षात घालून नेतात. त्या दिवशी डॉक्टरांना समोर दिसतं ते डिप्रेशन, आणि केसपेपरवरही तेच लिहिलं जातं. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस रात्री दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठत होता, दिवसभर बोलत होता, कर्ज काढून धंदा थाटायला निघाला होता, हे कोणी सांगतच नाही. सांगावंसं वाटत नाही, कारण त्या दिवसांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. उलट पोरगा एकदाचा मार्गी लागला म्हणून घरात आनंद होता.

बायपोलर म्हणजे कधी अतिऊर्जेचा आणि कधी डिप्रेशनचा काळ आणणारा मनाचा आजार, आणि त्याचं निदान बहुतेक वेळा इथेच हुकतं. अमेरिकेत २००० साली रुग्णांच्या एका संघटनेने आपल्या सभासदांना विचारलं, तेव्हा ६९ टक्के लोकांनी आपलं आधीचं निदान चुकलं होतं असं सांगितलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते डिप्रेशनचं होतं. एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना अचूक निदान मिळायला दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागली.

मी ठाण्यात नौपाड्याला एका पतपेढीत हिशेब पाहते. डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे. महाप्याच्या एका कंपनीत तो ड्राफ्ट्समन आहे, आज नोकरी टिकवून आहे. पण आजाराला खरं नाव मिळेपर्यंत त्याच्या ऐन उमेदीतली वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या बदलण्यात गेली. निदान शेवटी झालं ते एका वहीमुळे. तशी वही कुणालाही करता येते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चढ कसा ओळखायचा

त्या अतिऊर्जेच्या अवस्थेला डॉक्टर मॅनिया म्हणतात, आमच्या घरात तिला ‘चढ’ म्हणतात. तोच शब्द वापरते.

पहिली खूण झोपेत शोधा. झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. चिंतेने ज्याची झोप उडते तो दुसऱ्या दिवशी थकलेला असतो, डोळे चुरचुरतात, जांभया देतो. चढातला माणूस तीन तास झोपतो आणि पहाटे चारला उठून कपाट आवरायला घेतो, तरी दिवसभर दमत नाही. भावाला प्रत्येक चढाआधी हे झालं आहे. आता त्याच्या खोलीतला दिवा सलग दोन रात्री उशिरापर्यंत दिसला की आम्ही डॉक्टरांना फोन करतो.

झोपेबरोबर बाकीच्या गोष्टी येतात. बोलणं वाढतं, मध्ये कोणी बोललेलं खपत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी पडते. डोक्यात कल्पनांची गर्दी होते आणि लक्ष एका जागी टिकत नाही. मी मोठा माणूस आहे, माझ्यात काही खास आहे, असं वाटायला लागतं. पैसे सुटतात: मोबाइल, बूट, मित्रांना पार्ट्या, ॲपवरून घेतलेलं कर्ज. गाडी वेगात चालवणं, एरवी न केलेली जवळीक, एका दुपारीत दिलेला राजीनामा. आमचा भाऊ मध्यरात्री मोटारसायकल काढून येऊरच्या डोंगरावर जायचा आणि परत येऊन सगळ्यांना चहाला उठवायचा.

चढ म्हणजे आनंदच असा समज असतो, तो सोडा. कित्येकांच्या चढात आनंद थोडा आणि चिडचिड जास्त असते. शांत मुलगा अचानक शेजाऱ्यांशी पार्किंगवरून हमरीतुमरीवर येतो, वडिलांना अरे-तुरे करतो. घरचे म्हणतात, संगत वाईट लागली. चिडीबरोबर झोप कमी झाली होती का आणि बोलणं वाढलं होतं का, हे आठवून पाहा.

मुदतीलाही महत्त्व आहे. निदानाच्या प्रचलित निकषांत पूर्ण मॅनिया म्हणायला अशी अवस्था निदान एक आठवडा, दिवसातला बहुतेक वेळ असावी लागते. इस्पितळात दाखल करावं लागलं तर मुदतीची अट राहत नाही. सौम्य चढाला हायपोमॅनिया म्हणतात, त्याला सलग ४ दिवस पुरतात. त्यात माणूस कामावर जातो, संसार चालतो, पण ओळखणाऱ्यांना तो नेहमीचा वाटत नाही. पूर्ण मॅनिया एकदा जरी होऊन गेला असेल तर टाइप १. हायपोमॅनिया आणि मोठं डिप्रेशन, पण पूर्ण मॅनिया कधीच नाही, तर टाइप २. उताराला, म्हणजे डिप्रेशनला, किमान दोन आठवडे धरतात. टाइप २ सगळ्यांत जास्त निसटतो, कारण हायपोमॅनिया आजारासारखा दिसतच नाही.

सकाळी हसतो, दुपारी रडतो, रात्री भांडतो, म्हणजे बायपोलर, असं हल्ली कोणीही कोणालाही म्हणतं. तासातासाला बदलणाऱ्या मूडमागे दुसरी कारणं जास्त असतात. बायपोलरचे चढ-उतार दिवसांचे, आठवड्यांचे, महिन्यांचे असतात, आणि मधल्या काळात माणूस बराच पूर्ववत असतो.

एक अवस्था मात्र फार धोक्याची. मन काळवंडलेलं, पण अंगात ऊर्जा आणि बेचैनी चढाची. याला मिश्र अवस्था म्हणतात. यात आत्महत्येचा धोका वाढतो. असं दिसलं तर वही-बिही नंतर, आधी डॉक्टर.

वही कशी करायची

दोनशे पानी आडवी वही घ्या. एका पानावर एक वर्ष. रकाने करा: महिना, झोप, पैसे, काम किंवा कॉलेज, भांडणं-बोलणं, औषधं, इतर आजार आणि नशा. सुरुवात पहिल्या मोठ्या बिघाडापासून नको, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून करा. हा आजार बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, म्हणून बारावी आणि कॉलेजची वर्षं नीट तपासा. बारावीत गेलेलं वर्ष, अर्धवट सोडलेला डिप्लोमा, यांच्या मागे कधीकधी पहिला उतार असतो.

तारखा आठवत नाहीत ही सगळ्यांची अडचण. सणांना धरून चला. ते गणपतीच्या आधी झालं की नंतर? टेंभी नाक्याच्या देवीला तो आमच्याबरोबर आला होता का? दिवाळीचा फराळ खाल्ला होता की खोलीतच होता? असं विचारत गेलं की आईला महिने आपोआप सापडायला लागले.

माझ्या कामाच्या सवयीचा उपयोग झाला तो इथे: आठवणीपेक्षा कागद बोलका असतो. बँकेचं पासबुक काढा. यूपीआयची यादी काढा. भावाच्या खात्यात महिनोन् महिने रिचार्ज आणि लोकलचा पास एवढीच नोंद होती, आणि मध्येच दोन आठवडे रोज खर्च, तोही रात्री एक-दोन वाजता. ते दोन आठवडे कोणाच्याही लक्षात नव्हते. व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेल्या मेसेजची वेळ पाहा. फोनमधले फोटो पाहा: चढात शेकड्याने असतात, उतारात महिनाभर एकही नाही. कंपनीतल्या रजांचा तक्ता, लायब्ररीचं कार्ड, जिमची पावती, काहीही चालतं. हे सगळं शक्यतो त्याच्या संमतीने आणि त्याला शेजारी बसवून करा. फोन चोरून पाहिला तर विश्वास जातो, आणि पुढची अनेक वर्षं तुम्हाला तोच विश्वास लागणार असतो.

विशेषणं लिहू नका, घडलेलं लिहा. ‘फार उत्साही होता’ यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘एप्रिलमध्ये साधारण दहा दिवस रोज तीन तास झोप, दिवसा पेंग नाही, ऑफिसला वेळेवर, याच काळात क्लासेस काढायचे म्हणून घोडबंदर रोडला गाळा पाहिला, टोकन दिलं, महिन्याच्या शेवटी कामावर जाणं बंद’ असं लिहिलं की चित्र उभं राहतं. नुसत्या खर्चाच्या नोंदींवरून ताळेबंद निघत नाही, तसं नुसत्या उतारांवरून निदान निघत नाही.

औषधांचा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरा. कोणती गोळी, कोणत्या महिन्यात सुरू, डोस कधी वाढला, कधी आपल्या मनाने बंद केली. जुन्या चिठ्ठ्या हरवल्या असतील तर औषधाच्या दुकानाची बिलं शोधा. बायपोलर असलेल्या काहींना नुसती डिप्रेशनवरची गोळी दिली की चढ येतो. भावाच्या बाबतीत वहीत शेजारी शेजारी आल्या त्या दोन नोंदी अशा: डिप्रेशनची नवी गोळी सुरू, आणि थोड्याच आठवड्यांत झोप गायब. नव्या डॉक्टरांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि मग बराच वेळ फक्त चढांबद्दलच विचारलं. तुमच्या घरी असं काही दिसलं तर गोळी आपणहून बंद करू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

देवऋषी, अंगारे, उतारे झाले असतील तर तेही लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून गावी नेलं तो महिना कोणता, हेही डॉक्टरांच्या उपयोगाचं असतं; आपल्या घरी नेमकं तेव्हाच काहीतरी मोठं बिघडलेलं असतं.

शेवटी वहीचं सार एका पानावर काढा. ओपीडीत गर्दी असते, दोनशे पानं कोणी वाचणार नाही. एक पान मात्र प्रत्येक डॉक्टर वाचतात, असा माझा अनुभव आहे.

घराण्यात कोणाला होतं

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कोणाला बायपोलर असेल तर धोका बराच वाढतो. पण आपल्याकडे या गोष्टी आजार म्हणून सांगितल्या जात नाहीत. ‘घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का’ असं विचारलं तर उत्तर ‘छे, छे’ असंच येईल. निराळं विचारा. कोणी घर सोडून गेलं होतं का? कोणी एकाएकी जमीन विकली का? कोणाचं लग्न मोडलं ते कशावरून? विहिरीत पाय घसरून गेलं असं कोणाबद्दल सांगतात? आमच्या एका मामांबद्दल ‘जरा तऱ्हेवाईक होते’ एवढंच ऐकलं होतं. थोरल्या मावशीशी निवांत बसल्यावर कळलं की एका उन्हाळ्यात त्यांनी आंब्याची बाग विकली, गावजेवण घातलं, आणि मग पावसाळाभर ओटीवरून उठले नाहीत. हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं.

दुसरं काय असू शकतं

बायपोलर दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयही नाही. तरी डॉक्टर तपासण्या सांगतात, आणि त्या करून घ्या. थायरॉइड वाढला की चढासारखं दिसू शकतं, कमी झाला की उतारासारखं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेल्या स्टिरॉइडने चढ येऊ शकतो. दारू आणि गांजाने चित्र गढूळ होतं, म्हणून तेही लपवू नका. पहिला चढ पन्नाशीनंतर आला, फिट येत असतील किंवा डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूची तपासणी लागते. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी लिथियम हे बायपोलरवरचं औषध सुरू करण्याआधीही करतात, ती उगाच नसते.

चढ टोकाला गेला की भास होऊ शकतात, ‘मंत्रालयातून मला बोलावणं येणार आहे’ असे ठाम भ्रम होऊ शकतात. त्यामुळे काहींच्या कागदावर स्किझोफ्रेनिया लागतो. डॉक्टरांना एक गोष्ट नक्की सांगा: भास फक्त चढ-उताराच्या काळातच होते, की मूड ठीक असतानाही होते? फरक ओळखायला हे फार उपयोगी पडतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, लहानपणापासून सतत असतो, चढ येतो आणि जातो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाई झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, तर ‘बाळंतवात’ म्हणून घरी थांबू नका. ती तातडीची वेळ असते, आणि तिच्यामागे पुष्कळदा बायपोलर असतो.

कुठे जायचं

निदान मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्या, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेल्या डॉक्टरांकडून. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ पुढे खूप मदत करतात, पण औषध ते देत नाहीत.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ‘तुला ठाण्याला पाठवू का’ हे बोलणं ऐकत आपण वाढलो, म्हणून तिथल्या फाटकातून आत जायला पाय अडखळतो. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून औषध घेऊन लोक घरी जातात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. नवी मुंबईकडच्या लोकांना नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळ पडतात. ठाण्यातच १९९० पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांसमोर

पहिल्या भेटीची वेळ घेतानाच सांगा की जास्त वेळ लागेल. एक माणूस असा न्या ज्याने चढ डोळ्यांनी पाहिला आहे. आजारी माणसाला स्वतःचा चढ आजार वाटत नाही. तो त्याला आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ वाटतो. डॉक्टर गोपनीयता पाळतात, त्यामुळे त्याच्याविषयी तुम्हाला सगळं सांगणार नाहीत. पण तुमचं ऐकून घेऊ शकतात. पाच मिनिटं वेगळी मागा.

पहिल्याच वाक्यात चढ सांगा. ‘आता डिप्रेशन आहे, पण गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दहा दिवस असं असं झालं होतं.’ मग पान हातात द्या. आणि थेट विचारा: हे बायपोलर असू शकतं का? नसेल तर कशावरून नाही? हे निदान पक्कं आहे की सध्यापुरतं? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. ‘आत्ताच सांगता येत नाही, पाहू’ हे उत्तरही प्रामाणिक असतं, कारण पहिला चढ कधीकधी अनेक उतारांनंतर येतो.

मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर नावाची १३ प्रश्नांची एक चाचणी आहे. ती भरून नेली तर बोलायला आधार मिळतो. तिच्यावरून घरी निदान करू नका, कोणाला सुनवायला तर अजिबात वापरू नका.

बऱ्याच केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर आजाराचा कोड असतो. एफ ३१ म्हणजे बायपोलर, एफ ३२ आणि एफ ३३ म्हणजे डिप्रेशन, एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया. जुन्या कागदांवर काय काय लिहिलं गेलं ते ओळीने लावून पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा मागायला संकोचू नका. शंका राहिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, आणि पहिल्यांचे कागद त्यांच्यापासून लपवू नका.

यायलाच तयार नसेल तर

चढात ‘तुला वेड लागलंय, चल’ म्हटलं की सगळं संपतं. मी भावाला म्हणाले होते, ‘तू ठीक आहेस की नाही ते राहू दे. तीन रात्री तू झोपला नाहीस, तेवढं दाखवू या.’ तो म्हणाला, ‘ताई, मला झोपेची गरज नाही.’ मी म्हटलं, ‘मग हेच डॉक्टरांना सांग.’ त्यावर तो आला. झोप, भूक, डोकेदुखी, हे विषय माणसाला अपमानाचे वाटत नाहीत. उतारातल्या दिवसांत मात्र नुसतं ‘मी तुझ्याबरोबर येते’ पुरतं.

मरणाची भाषा, वस्तू वाटून टाकणं, कोणावर हात उचलणं, अनेक रात्री अजिबात न झोपणं, खाणं-पिणं सुटणं, यातलं काही असेल तर वाट पाहू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, गरज पडली तर १०८ ला फोन करा, त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा.

निदान झाल्यावर वही बंद करू नका. टाइप २ म्हटलेल्याला पुढे पूर्ण मॅनिया येऊ शकतो आणि निदान बदलतं. औषध लागू पडतंय का तेही वहीतच दिसतं. आमच्याकडे आता झोपेचा रकाना भाऊ स्वतः भरतो, पैशांचा मी. दर भेटीआधी दोघं मिळून एक पान काढतो आणि त्याची एक झेरॉक्स डॉक्टरांच्या फाइलला लावून येतो.